वरच्या गल्लीचा वॉल

मला एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणते, पोटात होती तेव्हापासूनच हिनं जीव खाल्ला. वर्गात पाय हलतो, सिग्नलला बोटं वाजतात, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर ठेवलेलाच असतो. तरी ही गोष्ट मी जमेल तेवढी शांतपणे सांगणार आहे, कारण ती माझी नाही, कडुबामामांची आहे. त्यांची ती बरी चालली होती. मधी मी तडमडले.

कडुबामामा आमच्या कॉलनीत पाणी सोडतात. हर्सूल जेलची भिंत मागं पडली की डाव्या हाताला गुंठेवारीतली घरं लागतात, ती आमची कॉलनी. हे सगळं एके काळी शिवराजदादांच्या वडिलांचं वावर. त्याचे प्लॉट पडले, ज्यानं त्यानं जमेल तशी घरं बांधली. नळयोजना आमची आम्हीच केलेली: एक विहीर, दोन बोअर, टेकाडावर एक टाकी आणि रस्त्याखाली एकवीस वॉल, म्हणजे पाणी सोडायचे-बंद करायचे व्हॉल्व्ह. पाणी समितीचे अध्यक्ष अर्थात शिवराजदादा. पाणी पाचव्या दिवशी येतं, उन्हाळ्यात सातव्या. कुठल्या गल्लीला कधी, किती वेळ, कुठला वॉल किती फेरे उघडायचा, हे सगळं कडुबामामांच्या डोक्यात. कागद नाही की चिठोरं नाही.

माणूस साठीचा. उंच, वाळका, कानात केस, डोक्याला मळकं उपरणं. सायकलच्या दांडीला ती लांब लोखंडी चावी बांधलेली असायची, रस्त्यातल्या खड्ड्यात उतरवून वॉल फिरवायची. सायकल दिसली रे दिसली की बाया दारातून हाका मारायच्या, "मामा, आमचा नंबर कधी?" मामांचं उत्तर ठरलेलं, "येतंय माय, पाणी काय पळून चाललंय व्हय?" मला ते वावटळ म्हणायचे. मी स्कुटीवरून भर्रकन गेले की मागून आवाज यायचा, "चालली वावटळ!"

मी एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, इथंच विद्यापीठात. आमच्या घरात एवढं शिकलेली मी पहिलीच, त्यामुळं आई अंगणवाडीत जाईल तिथं माझ्या विषयाचं नाव सांगत सुटते. ते नाव तिला धड घेता येत नाही, मलाही एका दमात घेता येत नाही: माहिती तंत्रज्ञान प्रकल्प व्यवस्थापन आणि जोखीम. शिकवायला मोनाली मॅडम. बारीक चणीच्या, आवाज मात्र खणखणीत. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "तुमच्या प्रकल्पात अशी किती माणसं आहेत, की त्यातलं एक उद्या आलंच नाही तर सगळं ठप्प होईल?"

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "आलंच नाही म्हणजे, मॅडम?"

"म्हणजे नोकरी सोडली. आजारी पडलं. मेलं."

एक मुलगी हळूच म्हणाली, "असं अभद्र कशाला बोलायचं?"

"हेच!" मॅडमनी टेबलावर थाप मारली. "आपल्याकडं वाईट बोललं की वाईट होतं, म्हणून कुणी बोलतच नाही. आणि झालं की सगळे कपाळाला हात लावून बसतात. जोखमीचा अभ्यास म्हणजे अभद्र बोलायला शिकणं. आधी बोला, मग लिहा, मग त्याच्यावर उपाय काढा."

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. माझं अख्खं आयुष्य 'तोंड आवर गं बाई' ऐकण्यात गेलं होतं आणि इथं त्याचेच मार्क मिळणार होते!

मॅडमनी तक्ता शिकवला, रिस्क रजिस्टर. एका रकान्यात धोका, पुढं तो घडायची शक्यता किती, एक ते पाच. मग फटका किती बसेल, एक ते पाच. मग उपाय. मी दोन दिवस त्या तक्त्यानं झपाटले. आईच्या भिशीचा तक्ता केला, माझ्या स्कुटीचा केला. सम्यक म्हणाला, "विशाखा, तू आता माझाही करशील." सम्यक माझा प्रकल्पातला जोडीदार. कोडिंग तो करतो. व्यवस्थापन मी करते, म्हणजे त्याच्यावर ओरडते.

आमचा प्रकल्प होता कॉलनीच्या पाण्याचं ॲप. नाव ठेवलं 'नळवेळ'. आपल्या गल्लीला पाणी कधी येणार, किती वेळ राहणार, मोबाईलवर कळणार. आणि आमच्या तक्त्यातला सगळ्यात मोठा धोका पहिल्या दिवशीच माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. धोका सातवा: संपूर्ण माहिती एकाच माणसाच्या डोक्यात. शक्यता पाच, फटका पाच. उपाय: त्या माणसाची माहिती लिहून काढणे.

मग काय, तीन आठवडे मी मामांच्या मागं. सकाळी सहाला ते सायकलवर, मी स्कुटी ढकलत. "इथं किती फेरे, मामा?" "सात." "इथं?" "चार अन थोडा." "थोडा म्हणजे? थोडा असं नसतं मामा, आकडा सांगा." "बरं, साडेचार लिही. अगं थांब तरी, नुसती नाचू नको." प्रत्येक वॉलचा इतिहास वेगळा. हा कधी बसवला, ह्याच्यावर बैलगाडी कधी गेली, ह्याच्या खाली विंचू कधी निघाला. मला इतिहास नको होता, मी आकडे मोबाईलमध्ये टाकत होते. "वरच्या गल्लीला?" "पुरा उघडायचा." टाकलं: पूर्ण.

दुसऱ्या दिवशी मामा धुतलेला शर्ट घालून आले. मी हसले तर म्हणाले, "आजवर कुणी इचारलंच नाय गं मला, की तू हे कसं करतो म्हून. पाणी आलं की लोकं भांडे भरतेत, नाय आलं की शिव्या देतेत. तू पहिलीच." मी म्हटलं, "मामा, पुढचा वॉल." हे आठवलं की आता स्वतःलाच दोन ठेवून द्याव्याशा वाटतात.

त्याच आठवड्यातली गोष्ट. चौथ्या गल्लीची पाळी होती. मामा ती सोडून सरळ नवव्या गल्लीत गेले आणि तिथला वॉल उघडला. मी मागं पळत गेले. "अहो मामा, आज चौथी!"

"केसरबाई गेली पहाटे. पाव्हणे येतील, आंघोळी व्हतील. आज इथं पाणी."

"पण कुणाला विचारलं तुम्ही?"

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले. "इचारायचं काय त्याच्यात? मयतीच्या घरी पाणी आधी."

चौथ्या गल्लीतल्या बायाही कुरकुरल्या नाहीत. "जाऊ द्या, एक दिवसानं काय होतं," म्हणाल्या आणि दोघी-तिघी तर नवव्या गल्लीकडंच निघाल्या. मामा हे नेहमीच करायचे. कुणाचं का घर असेना. त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

माझ्या लेखी होतं. मी घरी येऊन लॅपटॉप उघडला. धोका नववा: पाणी सोडणारा कर्मचारी मंजुरीशिवाय पाळी बदलतो. शक्यता चार, फटका चार. उपाय: वेळापत्रक कडकपणे पाळणे. लिहिताना मला इतकं हुशार वाटलं म्हणून सांगू! सम्यकनं वाचलं आणि म्हणाला, "हे असं लिहायचं का? मामा आपलेच आहेत." मी खेकसले, "आपलं-परकं असं काही नसतं ह्यात. धोका तो धोका." असं मी म्हणाले. ह्याच तोंडानं.

सादरीकरणाच्या दिवशी शिवराजदादा विभागात आले, ज्यांच्यासाठी प्रकल्प केला ते म्हणून. पांढरा शर्ट, खिशाला पेन, पहिल्या रांगेत मध्यभागी. मॅडमनी ॲपचं कौतुक केलं, पण रजिस्टरचं जास्त केलं. "एकवीस वॉलची माहिती एका माणसाच्या डोक्यातून बाहेर काढली हिनं. ह्याला म्हणतात जोखीम कमी करणं." टाळ्या पडल्या. दादा उठून माझ्यापाशी आले. "ताई, हे लई कामाचं आहे. एक प्रत मला द्या." मी वॉलच्या सगळ्या आकड्यांसकट स्पायरल बाइंडिंग करून दिली. वर दोन्ही हातांनी दिली.

त्या रजिस्टरला मला पैकीच्या पैकी मार्क पडले.

पुढच्या पाळीला आई हंडा आत आणता आणता म्हणाली, "आज कडुबा नाय दिसला. शिवराजचा मेव्हणा आला होता चावी घेऊन, तो आकाश. हातात तुझं ते पुस्तक."

मी तशीच, केस न विंचरता, शिवराजदादांच्या घरी. दादा ओट्यावर पेपर वाचत होते. मला बघून खूश झाले, खुर्ची दिली. मी बसले नाही.

"मामांना काढलं तुम्ही?"

"काढलं असं नाही. थांबवलं." त्यांनी माझंच पुस्तक उघडून मला दाखवलं. सातव्या धोक्याखाली पेनानं रेघ मारलेली होती. "हे तूच लिहिलंस ना, एका माणसावर योजना चालवायची नाही? माहिती लिहून काढा. निघाली लिहून. मग आता त्याची गरज काय? आकाश घरचाच आहे, वाचून करतो." मग पान उलटलं. "आणि हे नववं. मनाला येईल तशी पाळी बदलतो, हे तर मला माहीतच नव्हतं. बरं झालं सांगितलंस."

"दादा, ते मयत झाली म्हणून..."

"मग समितीला फोन करायचा. कडक पाळायचं, हे तूच लिहिलंय." ते रागानं बोलत नव्हते. उलट मायेनं म्हणाले, "तू चांगलं काम केलंस. वाईट वाटून घेऊ नको."

मला भांडायचं होतं. भांडायला तर मी कायम तयार असते. पण समोर माझंच लिखाण होतं, आता त्याच्याशी कसं भांडू?

घरी आईला सांगितलं. आईनं भाकरी थापता थापता सगळं ऐकलं आणि तव्यावरची भाकरी करपली तरी उलटली नाही. "तुझा आजा गेला तेव्हा तू सहा वर्षांची होतीस," ती म्हणाली. "आपली पाळी तीन दिवसांवर होती. घरात दीडशे माणूस जमलेलं. कुणी न सांगता त्यानं पाणी सोडलं, अन दारात येऊन उभा राहिला, तुझ्या आजाच्या पायाला हात लावायला. तेही त्या तक्त्यात लिहायचं होतंस." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

पुढचे पंधरा दिवस माझे कसे गेले, मलाच माहीत. मला कुठंच थारा नव्हता. वर्गातून उठून बाहेर यायचे, बाहेरून परत आत. क्रांती चौकात हिरवा सिग्नल पडला तरी मी तशीच उभी, मागून हॉर्न आणि शिव्या. मामा म्हणे फुलंब्रीच्या रोडला एका वीटभट्टीवर जायला लागले होते. साठीच्या माणसाला वीटभट्टी! सायकलवर कुणी उंच माणूस दिसला की मी गल्ली बदलायचे. मी, जी कुणाच्या बापाला भीत नाही, ती गल्ल्या बदलत फिरत होते.

मग वरच्या गल्लीचं पाणी गेलं.

वरची गल्ली म्हणजे टाकीच्या पलीकडच्या चढावरची, शेवटची बारा घरं. आकाशनं पुस्तकात बघून वॉल पूर्ण उघडला. नळातून नुसती फुसफुस. पुढच्या पाळीलाही तेच. दहा दिवस झाले, बायांनी रिकाम्या घागरी नेऊन शिवराजदादांच्या ओट्यावर मांडल्या. दुपारी मला दादांचा फोन. आता आवाजात माया नव्हती.

"विशाखा, एकतर तुझं पुस्तक चुकीचं आहे, नाहीतर त्या म्हाताऱ्यानं तुला फसवलंय. काय राहिलंय ते शोध आणि शुक्रवारच्या आत लिहून दे. तोपर्यंत तुझ्या पत्रावर सही होणार नाही."

ते पत्र म्हणजे प्रकल्प पूर्ण झाल्याचं, ज्यांच्यासाठी केला त्यांच्या सहीचं. शनिवारी तोंडी परीक्षा होती. पत्र नसेल तर प्रकल्प अपुरा, असा मॅडमचा नियम, आणि नियमाच्या बाबतीत मॅडम सख्ख्या बहिणीलाही सोडायच्या नाहीत.

पण खरं सांगू? फोन ठेवला आणि मला आनंद झाला. पहिल्यांदा, पंधरा दिवसांत. मामांनी काहीतरी हातचं राखून ठेवलं होतं! वा रे पठ्ठ्या! माझ्यापेक्षा हुशार निघाला. आता दादांना झक मारून त्यांना बोलवावं लागेल. मी स्कुटी काढली आणि तडक हर्सूल गावात, तळ्याच्या बाजूला त्यांचं घर आहे तिथं.

मालनबाई, मामांची बायको, दारात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली, पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवला आणि परत सुपाशी बसली. "घे पाणी," म्हणाली. मग खाली बघूनच, "आता काय इचारायचं राह्यलंय?"

मी पाणी प्यायले. दुसरं काय करणार?

तेवढ्यात मामा आले. भट्टीवरून. भुवयांपासून पायापर्यंत लाल धूळ, उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली. मला बघून त्यांच्या तोंडावर खरोखरचं हसू आलं. "आली का वावटळ! लई दिसानं."

मला धीर धरवेना. "मामा, खरं सांगा. काहीतरी ठेवून घेतलं ना? मुद्दाम? सांगितलं नाही ना मला?"

हसू गेलं. ते ओट्यावर टेकले. "तुला खोटं सांगितलं व्हय मी?"

"खोटं नाही मामा, फक्त एखादी गोष्ट..."

"तू इचारलं ते सांगितलं. नाय इचारलं ते बी सांगितलं." आवाज चढला नव्हता, पण मला तो आवाज ऐकवत नव्हता. "पोर शिकती, तिला चुकीचं सांगून मी कुठं जाऊ?"

"मी तवाच म्हणलं होतं," मालनबाई सुपातून वर न बघता म्हणाली, "थोडं हातचं राख. नाय राखलं. सगळं ओकून बसला."

"कशापायी राखायचं गं? पाणी काय माझ्या बापाचं हाय?" मग मामा माझ्याकडं वळले. "झालं काय पण?"

मी सांगितलं, वरच्या गल्लीला दोन पाळ्या पाणी नाही.

ते ताडकन उठले. "दहा दिस! अन हे तू आता सांगती? बारा घरं हायेत तिथं. आशाबाईला तर उठता बी येत नाय." हातपाय न धुता आत गेले, खाटेखालून जुनी चावी काढली. त्यांची नवी चावी समितीनं जमा करून घेतली होती. "काढ तुझी गाडी."

भर दुपारी आम्ही निघालो, मी पुढं, मामा मागं, आणि चावी दोघांच्या मधून आडवी. लोक वळून बघत होते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: म्हणजे ह्या माणसानं खरंच सगळं दिलं. काहीच ठेवलं नाही. आणि मी त्यालाच विचारायला गेले की तू फसवलंस का.

वॉलपाशी मामा गुडघ्यावर बसले. झाकण सरकवलं, चावी उतरवली, फिरवू लागले. मी फेरे मोजत होते. पुरा उघडला. पुस्तकात होतं तसंच. वरच्या नळांना फुसफुस सुरू झाली, हवा नुसती. मग मामांचा हात थांबला, जरासा उलटा फिरला, आणि तसाच थांबून राहिला.

"हे काय केलंत?"

"काय?"

"मागं फिरवलं तुम्ही. आत्ता."

मामांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं. "व्हय की," ते म्हणाले. "फिरवलं."

"हे मला सांगितलं नव्हतं!"

"मलाच कुठं ठावं होतं?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "थांब, थांब. हात लाव हितं." माझा हात चावीवर ठेवला. लोखंडातून बारीक झिणझिण येत होती. "वर चढ हाय. लाईनीत हवा धरती. झिणझिण आली की पाव फेरा मागं घ्यायचा, हवेला जागा व्हती. झिणझिण थांबली की परत पुरा." थोड्या वेळानं ती थांबली. मामांनी चावी परत पूर्ण फिरवली. वरून आधी खाकरल्यासारखा आवाज आला, आणि मग बायांचा गलका. "आलं! आलं गं! मामानं सोडलं!"

मामा गुडघ्यावर हात टेकत उठले आणि शेवटच्या घरापर्यंत पोचतंय का बघायला चढावर गेले. तेवढ्यात माझा फोन वाजला. शिवराजदादा. बातमी पोचलीसुद्धा.

"आलं म्हणे पाणी. सापडलं का काय राहिलं होतं ते?"

मी चढाकडं बघितलं. मामा आशाबाईच्या दारात तिची बादली नळाखाली सरकवत होते.

"नाही सापडलं, दादा."

"म्हणजे?"

"म्हणजे ते कागदावर येत नाही. हाताचं काम आहे. त्यांनाच बोलवावं लागेल."

"विशाखा, मला शिकवू नको. लिहून दे, नाहीतर सही नाही."

"नका करू," मी म्हणाले, आणि फोन बंद केला. एमसीएची दोन वर्षं, आईचं अंगणवाडीतलं मिरवणं, सगळं त्या दोन शब्दांत गेलं असं वाटलं. शनिवारी मॅडमनी माझा प्रकल्प अपुरा धरला, परत सहा महिन्यांनी या म्हणाल्या. सम्यकचा मात्र पूर्ण धरला, त्याच्या कोडला सही लागत नव्हती. ते पुढचं. त्या दुपारी मी नुसती वॉलभोवती येरझाऱ्या घालत होते.

मामा खाली आले ते हसत. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. "शिवराजचा फोन व्हता. उद्यापून ये म्हणला. बाया लई बोलल्या वाटतं त्याला." मग माझ्याकडं निरखून, "तू काय बोललीस व्हय?"

"मी कशाला बोलते?"

"बरं." ते झाकणावर बसले. "आता लिही."

"काय?"

"हेच. पाव फेऱ्याचं. ते राह्यलं व्हतं ना तुझ्या पुस्तकात."

"आता कशाला मामा? तुम्ही येताय ना उद्यापासून."

"मी किती दिस येणार? आज हाय, उद्या नाय. मी मेल्यावर ह्या बायांनी काय करावं? लिही, वेळ नको लावू."

मी बॅगेतून वही काढली. पेन काढलं. मामा बोलत होते, सावकाश, मला लिहायला वेळ मिळावा म्हणून थांबत थांबत. आणि मी कागदाच्या वरून पेन फिरवत होते, टोक न टेकवता. लिहिलेलं कागद सोडून कुठं कुठं जातं, हे मी आता बघितलं होतं. आज वहीत, उद्या सम्यकच्या ॲपमध्ये, परवा आकाशच्या हातात. ते बरोबर बोलत होते. मला माहीत होतं ते बरोबर बोलतायत, ह्याच गोष्टीचे मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. आणि मी त्यांना, त्या बारा घरांना, सगळ्यांना फसवत होते. माझे कान तापले होते, पण पेन मी टेकवलं नाही.

"झालं?"

"झालं."

"वाच बघू."

मामांना अक्षर येत नाही. सही तेवढी करतात. ते माझ्या शेजारी बसून वहीकडं बघत होते, पण ऊन डोळ्यांवर येतंय असं करून मी वही माझ्याकडं तिरकी धरली. आणि कोऱ्या पानावरून वाचू लागले, जागोजागी थांबत, बोट फिरवत.

"वरची गल्ली. वॉल पुरा उघडायचा. चावीला झिणझिण आली की अर्धा फेरा मागं..."

"अर्धा नाय. पाव. अर्ध्यानं सगळं पाणी खालच्या गल्लीला पळंल. खोड ते."

मला खरंच अर्धाच आठवत होता. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मी पेन आडवं फिरवलं. "खोडलं. पाव."

"हां. पुढं?"

"झिणझिण थांबली की परत पुरा."

"आता बरूबर," मामा म्हणाले, आणि पाठीमागं हात टेकून आरामात वर बघत बसले, जिथून भांड्यांचे आवाज येत होते. "आता माझ्यावाचून कुणाचं अडायचं नाय."

"नाही, मामा," मी म्हणाले.